दोन इसम हाजर

एवढी घाई कशाची, बाई, असं कोर्टातली माणसं वर तोंड करून मलाच म्हणत्यात, तात्या. तुमाला जाऊन तेरा वर्षं झाली, तेरा वर्षं तुमच्या खुनाची केस चाललीय, आणि घाई म्हणे मला! आधी आरोपी सापडंना म्हणून दोन वर्षं गेली. सापडला तवा कागद पुण्याला होते. कागद बारामतीला आले तर सरकारी वकील बदलला, नव्यानं वाचायला घेतले तर जज्जसाहेबांची बदली झाली. केस चालंना म्हणून आरोपीला जामीन मिळाला, तो घरी गेला, त्याला नातू झाला, आणि तुमची केस हाय तितंच. एका तारखेला त्याचा वकील आजारी, एका तारखेला डॉक्टर साक्षीला आला न्हाय, आणि एकदा सगळी माणसं आली तर टायपिंगच्या मशीनची रिबन तुटली. मी काटेवाडीहून धारा काढून, डेअरीत दूध घालून, मिळंल त्या वडापच्या जीपमधी गुडघे दुमडून जाते. दिवसभर व्हरांड्यातल्या बाकावर बसते. चार वाजता पट्टेवाला येऊन म्हणतो, पुढची तारीख. मग मी भांडते. कोर्टात मला सगळे वळखत्यात ते माझ्या भांडणामुळं. पट्टेवाला मला लांबनं बघूनच दुसऱ्याला सांगतो, "आल्या बघा आमच्या जज्जीणबाई. फायली आवरा."

ह्या खेपेला मी भांडले न्हाय. पुढची तारीख म्हटल्यावर गप पिशवी उचलली. पट्टेवाला फाटकापर्यंत मागं आला. "काय हो, आज काय झालं? बरं न्हाय काय?" त्याला मी उत्तर दिलं न्हाय. तुमाला देते.

तेरा वर्षांत पहिल्यांदा मला साक्षीला बोलावलं होतं. दवाखान्यात, जायच्या आधी, तुमी पोलिसांना जो जबाब दिला, त्याच्या खालची सही तुमची हाय का, एवढंच वळखायचं. जबाबात तुमी म्हटलंय, मी सबजेलवर एकटाच ड्युटीला होतो, जेवण द्यायला दार उघडलं आणि कैद्यानं पाण्याची बादली डोक्यात घातली. मी व्हरांड्यात बसले होते तर सबजेलच्या कचेरीचा एक कारकून आला. बगलेत लाल फडक्यात बांधलेलं जुनं रजिस्टर. लई गोड बोलला. "बाई, सहीचं झालं की हेही विचारतील. हे रोजचं रजिस्टर. तुम्ही फक्त म्हणा, अक्षर वडिलांचं आहे." मी म्हटलं, "साहेब, तुमी कुठल्या बाजूचे?" तर म्हणतो, "आम्ही कुठल्या बाजूचे असणार? आम्ही कचेरीचे. त्या दिवशी दोन शिपाई हजर होते असं यात लिहिलंय. चौकशी तेव्हाच मिटली. आता कशाला उकरायचं?" आणि पलीकडं चहा पीत उभा असलेला आरोपीचा वकील मान हलवून म्हणतो, "हो बाई, तेवढंच म्हणा. वडिलांचंच अक्षर."

मला हसू आलं, तात्या. तुमाला मारणाऱ्याचा वकील आणि तुमाला पगार देणारं सरकार, दोघांना माझ्या तोंडनं एकच वाक्य पायजे! कचेरीला पायजे, कारण दोन शिपाई होते म्हणजे तिची चूक न्हाय. वकिलाला पायजे, कारण दोन होते असं तुमीच लिहिलं असंल तर "मी एकटाच होतो" हा जबाब खोटा, आणि खोट्या जबाबावर कुणाला शिक्षा होती? मी मनात म्हटलं, दाखवा, दाखवा तुमचं रजिस्टर. तेरा वर्षं मी सगळ्यांपुढं बोंबलत आले की ते खोटं हाय, तुमी गेल्यावर कचेरीनं कुणाकडनं तरी लिहून घेतलंय. आज तोंडावर सांगते.

त्यानं पान काढलं आणि बोट ठेवलं. "दोन इसम हाजर. कुलपं ठीक." हजर न्हाय, हाजर. ह ला काना. आणि स चं पोट भाकरी फुगल्यागत. डेअरीतलं मशीन सुरू झालं की कानात घरघर बसती, तसं झालं मला. कारकून म्हणाला, "काय, ओळखलं ना?" मी म्हटलं, पाणी द्या.

ते अक्षर कचेरीचं न्हाय, तात्या. तुमचं बी न्हाय. माझं हाय.

आत मला उभं केलं. जबाबावरची सही मी वळखली, हो म्हटलं. मग आरोपीच्या वकिलानं ते रजिस्टर हातात घेतलं, आणि जज्जसाहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांच्याकडं दुसऱ्या कोर्टाचा बी चार्ज हाय. "उरलेलं मंगळवारी," म्हणाले आणि उठले. एरवी महिन्यांनी तारीख देणारं कोर्ट, ह्या खेपेला आठवड्यातच बोलावतंय. आणि खरं सांगते, पुढची तारीख ऐकून मला जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं.

ज्या वहीत हे लिहितेय ती तुमीच दिलेली. दुरेघी, कव्हरावर गुलाबाचं फूल. मी नीट अक्षर काढाय लागले तवा तुमी बारामतीच्या बाजारातनं आणली होती, आणि मी ती जपून ठेवायची म्हणून कधी उघडलीच न्हाय. पानं पिवळी पडलीत. त्याच्या आधी माझी वही म्हंजे ते सरकारी रजिस्टर. कोऱ्हाळ्याच्या सासरच्यांनी मला परत धाडली तवा मी सत्तावीस वर्षांची आणि दुसरी शिकलेली. तुमी अंथुर्ण्याची मेंढरं कवाच इकून ही नोकरी धरली होती, पण सवय गेली नव्हती. कुलूप लावताना कैदी मोजायचा ते बी मेंढरं मोजल्यागत, हात पुढं करून, दोन-दोन. कैद्यांच्या भाकरीचं काम मला मिळवून दिलंत. मी भाकरीची पाटी घेऊन आले की तुमी बाहेरच्या खोलीत टेबलापाशी बसवायचा. "नुसत्या भाकरी थापून जन्म काढतीस काय? बस हितं. अक्षर काढ." आणि रजिस्टर पुढ्यात सरकवायचा. रोज तीच ओळ लिहिली की हात वळतो म्हणायचा. शाळेतली पोरं कमळ गिरवत्यात, मगर गिरवत्यात. मी दोन इसम हाजर गिरवलं. काना चुकतोय हे तुमाला म्हाईत होतं. "राहू दे," म्हणायचा, "वाचायचंय कुणाला!" खाली तुमी सही ठोकायचा. तुमचं खरं होतं. वर्षभर कुणी ते वाचलं न्हाय. तुमी मेल्यावर वाचलं.

आणि दुसरा इसम कुठं होता? दुसरा शिपाई रोज सकाळी हजेरी लावून कचेरीच्या साहेबाच्या घरी जायचा. दळण, भाजी, बाईसाहेबांची चप्पल शिवून आण. एक दिवस मी बघितलं, विचार केला, आणि दिसलं तसं लिहिलं: एक इसम हाजर. मला वाटलं तुमी शाबास म्हणशीला. तुमी असं खेकसला की आतले कैदी गप झाले. "शानपणा करू नकोस. कागदाला दोन लागत्यात, दाराला एकावर भागतंय. साहेबानं बघितलं तर माझी नोकरी जाईल, तुझी भाकरी जाईल." मग दाढीच्या ब्लेडनं ते एक खरवडलंत, कागदाला भोक पडलं, आणि त्या भोकाच्या कडेला माझ्याकडनं दोन लिहून घेतलंत. तात्या, कारकुनानं पानं उलटली तवा ते भोक बी मी बघितलं. अजून हाय. ते माझ्याशिवाय कुणाला वाचता यायचं न्हाय.

तुमी भित्रे होता असं मी म्हणत न्हाय. दुसरा माणूस द्या म्हणून अर्ज केलात. सरकारी शिट्टीतली गोळी पडून गेली होती, ती वाजत नव्हती, नवी द्या म्हणून तीनदा मागितलीत. मागणी नोंदवली आहे, असं उत्तर आलं. तुमी गेल्यावर एक साहेब चौकशीला आला, टेबलापाशी चहा प्याला, माझी ती ओळ वाचली आणि लिहून गेला की व्यवस्थेत कसूर न्हाय. दुसऱ्या शिपायानं बी तसंच सांगितलं: मी तिथंच होतो, पाणी प्यायला वळलो तेवढ्यात झालं. पुढं एकदा बारामतीच्या स्टँडवर भेटला तर माझ्या डोळ्याला डोळा देईना. "आक्का, मला बी लेकरं हायत," म्हणाला. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. सगळा स्टँड बघत होता. मला वाटायचं, माझं गिरवलेलं कोण बघतंय, चौकशीला कचेरीनं दुसरंच रजिस्टर लिहून दाखवलं असंल. तवा मला कुठं म्हाईत होतं की तो ज्या खोट्याच्या आडोशाला उभा राहिला, ते माझ्याच हातचं हाय.

आता जे कुणाला सांगितलेलं न्हाय ते लिहिते. तुमाला म्हाईतच हाय, पण आपण दोघं त्यावर कधी बोललो न्हाय.

त्या दिवशी मी ओळ लिहिलीय, भाकरी टेबलावर हाय, आणि तुमी दार उघडत न्हाय. आत तो, पाण्याच्या मोटरीच्या चोरीत धरलेला गडी, दीड वर्ष निकालाविना पडलेला. तुमी म्हणता, "थांब जरा. आज ह्याची तारीख होती, न्यायला पोलीसच आले न्हाईत. सकाळधरनं भितीवर डोकं आपटतोय. दुसरा दळण घेऊन येऊ दे, मग उघडतो." मी म्हणते, "रोज एकटंच उघडता की. आजच कुठनं कायदा आठवला? माझी पाटी मोकळी करून द्या, घरी कामं पडलीत." तुमी माझ्याकडं बघून हसता. "पोरी, एवढी घाई कशाची?" आणि किल्ली लावता.

मी बाहेरच्या दारात उभी. बादलीचा आवाज आला. तुमी खाली बसल्यागत पडला. तो माझ्या अंगावरनं पळाला, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, त्याचं तोंड मी हातभर अंतरावरनं बघितलं. टेबलावरची शिट्टी घेऊन मी फुंकली. नुसती हवा गेली. फुंकत राहिले. मग दुसरा शिपाई आला, डोक्यावर दळणाचा डबा, भुवया पिठानं पांढऱ्या.

दवाखान्यात तुमी माझा हात दाबलात. "तू तितं नव्हतीस. बाईमाणूस आत होतं म्हटलं तर तुझीच अब्रू काढतील. मी एकटाच होतो म्हणून सांगितलंय. तोंड उघडू नकोस." मी हो म्हटलं. म्हणून तेरा वर्षं मी कोर्टाच्या व्हरांड्यात सगळ्यांशी भांडले, आणि जे बोलायचं तेवढंच बोलले न्हाय. त्या दिवशी दोन इसम हाजर होतेच, तात्या. एक तुमी आणि एक मी.

तो आरोपी बी आता म्हातारा दिसतो. गेल्या खेपेला त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून शेंगा सोलत होता. म्हणाला, "आक्का, माझं बी आयुष्य हितंच गेलं." मी तोंड फिरवलं. पण त्याचं खोटं न्हाय. त्या दिवशी त्याला तारखेला नेलं असतं तर तुमी संध्याकाळी घरी जेवला असता.

मंगळवारी मला इचारतील, हे अक्षर कुणाचं. वडिलांचं म्हटलं की सगळे सुटले: साहेब सुटला, कचेरी सुटली, तो सुटला, मी सुटले. तुमी तेवढे खोटे ठरला. माझं म्हटलं की ते भोक दाखवावं लागंल, दळण सांगावं लागंल, मी दारात उभी होते हे सांगावं लागंल. तुमी लेकीकडनं सरकारी रजिस्टर लिहून घेतलं हे भर कोर्टात निघंल. आणि मी घाई केली हे बी. माझ्या घाईनं तुमाला मारलं का त्या एकट्या दारानं, ते मला ठरवता येत न्हाय. जज्जसाहेबांनी ठरवावं. त्याचा पगार त्यांना मिळतो.

ही वही मी कुठं धाडणार न्हाय, पिठाच्या डब्यामागं ठेवीन. पण दवाखान्यात तुमी माझ्याकडनं हो म्हणून घेतलंय ते तुमीच सोडवा. कसं ते तुमचं तुमी बघा. सोमवारी सांजच्या धारा काढून होईपर्यंत मला उत्तर पायजे. न्हाय आलं तर मंगळवारी अकराला मी हाजर हाय, आणि ते अक्षर माझं म्हणून सांगणार हाय. ह्याच्यावर पुढची तारीख मिळायची न्हाय.