डाव्या बाजूची पट्टी

मी, प्रभाकर सीताराम गायधने, वय सदुसष्ट वर्षे, राहणार बूढी, बालाघाट, तिरोडीकडच्या मँगनीजच्या खाणीत चौतीस वर्षे फिटर, आता सेवानिवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतरच्या तारखा देणे बंद केले आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वकील म्हणाले, मिळकतीपुरतेच लिहा, कागद फुगवू नका. पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय ही मिळकत मला वाटता येत नाही.

१. घर. बूढीतले घर मी नोकरीच्या पैशांतून बांधले. ते वडिलोपार्जित नाही, म्हणून माझा भाऊ तेजराम किंवा त्याची मुले यांचा त्यावर हक्क पोहोचत नाही. माझ्यामागे पत्नी सौ. प्रेमलता हिने तेथे हयातभर राहावे. तिच्यानंतर घर माझी नात ईरा पवन लांजेवार हिचे. मागची पडवी ठेवायची की पाडायची, हे प्रेमलताने ठरवावे. ती पाडेल असे मला वाटते.

२. बँकेतील शिल्लक प्रेमलताची. माझ्या तेरवीला तिने पंगत घालू नये. जे लोक येतील त्यांना हे कलम दाखवावे आणि चहा पाजून परत पाठवावे.

३. वेल्डिंगचे यंत्र. मागच्या पडवीतले आर्गॉन गॅसवर चालणारे यंत्र, रिकामा सिलिंडर, पायाने दाबायचे पेडल आणि काळ्या काचेची दोन हेल्मेटे. दोन का, ते सांगतो.

निवृत्तीनंतर, २०१९ मध्ये, मी हे यंत्र नागपुरातून जुने विकत आणले. लोखंड जोडण्यात खाणीत माझा हात धरणारा कोणी नव्हता, असे लोक म्हणत, आणि मी ते खरे मानून बसलो होतो. अल्युमिनियमला मात्र कधी हात लावला नव्हता. माझ्या जोडीचा फिटर महागू बावनथडे याने पहिल्याच दिवशी बजावले की हे लोखंड नोहे, कोणाकडे तरी शिकून घे. मी त्याला फार बोललो. दोन वर्षे आमचे जाणे-येणे बंद होते.

लोखंड तापले की लाल होते, आता सांभाळ असे सांगते. अल्युमिनियम रंग बदलत नाही. पांढरे असते तसेच राहते आणि एकदम गळून पायाशी पडते. त्याच्या अंगावर न दिसणारी साय असते. ती घासून काढली नाही तर वरचा रस आत शिरत नाही, नुसता बसून राहतो. पहिले चार महिने मी फक्त भोके पाडली.

माझी एकुलती मुलगी मयुरी लग्नानंतर गावातच राहत होती. ती यायची, ईराला आजीच्या मांडीवर द्यायची आणि दुसरे हेल्मेट घालून माझ्या बाजूला उभी राहायची. अल्युमिनियम घासायचा ब्रश वेगळा ठेवायचा, लोखंडाला लागलेला चालत नाही, हे तिने मोबाइलवर पाहून मला सांगितले. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. घरातला पहिला सरळ सांधा तिने घातला, मोटारसायकलच्या हँडलवर मोबाइल अडकवायच्या चौकटीचा. मग पायाचे गार्ड झाले, मग सामानाचे कॅरिअर. फोटो ती काढायची, गिऱ्हाइके तिच्याच फोनवर यायची. दोन वर्षांत तेवीस कॅरिअर या पडवीतून गेले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते होते. पुढचे लिहिण्याआधी एवढे लिहून ठेवतो.

जावई पवन औषधांच्या कंपनीत फिरतीवर होता. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी पेट्या लागतील असे कॅरिअर मी करून दिले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मयुरी ते सोडवून माझ्याकडे घेऊन आली. डाव्या बाजूच्या पट्टीवर, सांध्याच्या कडेला, केसासारखी रेघ होती.

"बाबा, हा तडा आहे. पूरा घासून काढा, मंग भरा," ती म्हणाली.

तिचे बरोबर होते. तडा मुळापासून खरवडायचा असतो, त्याची टोके शोधायची असतात, मगच भरायचा असतो. पण सिलिंडर संपत आला होता, नवा गोंदियाहून यायचा होता, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना लामत्याला लग्नाला जायचे होते. शिवाय पोरीने मला शिकवावे, हे त्या दिवशी मला रुचले नाही.

"वरून मारतो. चालते," मी म्हणालो.

तडा आत तसाच ठेवून मी त्याच्यावर एक रेघ ओढली आणि पॉलिश केले. दिसायला ती माझ्या हातची सगळ्यात सुंदर रेघ होती. मयुरीने दोनदा विचारले, पक्के झाले का. मी दोन्ही वेळा हौ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चारेगावच्या पुढच्या वळणावर, ती पट्टी तुटली. पेटी मागच्या चाकात गेली आणि चाक जाम झाले. पवनचा खांदा मोडला. मयुरी दवाखान्यापर्यंत पोहोचली नाही.

मी तासाभरात तेथे गेलो. तिला नेले होते, पवन अजून तेथेच होता. गवतात पट्टीचा तुकडा पडला होता. तुटल्या जागी अर्धा भाग जुन्या तड्याचा, काळपट होता, अर्धा त्या सकाळी तुटलेला, साखरेसारखा चमकणारा. फिटरला यापेक्षा जास्त काही सांगावे लागत नाही. मी तो तुकडा उचलून खिशात घातला. माणसे पवनकडे बघत होती, माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

हे यंत्र आणि दोन्ही हेल्मेटे सरकारी प्रशिक्षण संस्थेला द्यावीत. तुकडा सध्या पोलिसांच्या ताब्यात आहे. तो परत मिळाला तर तोही यंत्राबरोबर द्यावा, आणि शिकणाऱ्यांच्या हातात देऊन दाखवावा. नुसता काचेच्या कपाटात ठेवू नये.

४. पवन. पोलिसांनी त्याच्यावर भरधाव गाडी चालवून पत्नीच्या मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा लावला. त्याची नोकरी गेली. आज तो वारासिवनीला राइस मिलमध्ये पोती उतरवून घेतो. ईरा तेव्हा चार वर्षांची होती. आम्ही तिला इकडे आणले आणि परत दिले नाही. प्रेमलता त्याला लेकीचा जीव घेणारा म्हणत राहिली, माझ्यासमोर, जवळजवळ चार वर्षे. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

या मृत्युपत्राचा पहिला मसुदा मी जुलैत लिहिला आणि कपाटात ठेवला. मी गेल्यावर तो उघडावा, असा माझा बेत होता. प्रेमलताला तो औषधांच्या चिठ्ठ्या शोधताना सापडला. स्वयंपाकघरात पाटावर बसून तिने तो शेवटपर्यंत वाचला. मग माझ्या खाटेपाशी आली.

"मेल्यावर सांगणार होते? मंग मी इचारू कोणाले?"

त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी बोललेली नाही. वेळेवर जेवण देते, वेळेवर औषध देते, आणि खोलीतून निघून जाते.

दुसऱ्या दिवशी मी महागूकडे गेलो. मागचे काही न काढता त्याने मला गाडीवर बसवून पोलीस ठाण्यात नेले. तुकडा आणि लेखी बयान मी तेथे दिले. पवनच्या वकिलाकडेही प्रत दिली. खटल्याचा निकाल मी पाहीन असे दिसत नाही, म्हणून येथेही लिहितो. पवन वेगात होता की नव्हता हे मी पाहिलेले नाही, पण ती पट्टी बैलगाडीच्या चालीलाही तुटलीच असती. सांधा माझा होता, आणि तो कच्चा आहे हे मला माहीत होते.

घराचा अर्धा हिस्सा त्याच्या नावे करावा म्हणून मी त्याला बोलावले. तो म्हणाला, घर नको. म्हणून या मृत्युपत्रात त्याला काही दिलेले नाही. ईराच्या वाट्याला जे येईल ते ती सज्ञान होईपर्यंत त्याने सांभाळावे, दुसऱ्या कोणी नाही.

५. तेजराम. माझ्या भावाने पोलिसांना सांगितले होते की पवन पिऊन गाडी चालवतो. पवन पीत नाही. मयुरीसाठी तेजरामने आणलेले स्थळ आम्ही नाकारले, तो राग त्याने असा काढला. ठाण्यात दिलेले बयान मी मागे घ्यावे म्हणून त्याने माझे पाय धरले, कारण आता त्याचे बोलणेही उघडे पडते. हट्टा गावच्या शेतातला माझा हिस्सा मी त्याला तोंडी सोडला होता. तो शब्द मी मागे घेतो, हिस्सा ईराला मिळावा. तेजराम खोटे बोलला आणि मी खरे गिळले. दोघांत मोठा गुन्हेगार कोण, हे मला समजते. तरीही हिस्सा मागे घेतो.

६. रस्त्यावर असलेले कॅरिअर. मयुरी गेल्यावर मी यंत्र बंद केले, पण पवनचे सोडून बाकी बावीस कॅरिअर लोकांच्या गाड्यांवर फिरत होते. नवीन डिझाइन आले आहे, जुने परत द्या, अशी थाप मारून मी वर्षभरात अठरा परत आणले आणि हातोड्याने मोडले. पाच तर एका फटक्यात सुटले. चार सापडले नाहीत. एक हट्ट्याला विकले गेले, एक तिरोडीला, उरलेल्या दोघांचे फोन लागत नाहीत. नावे या कागदाच्या मागे लिहिली आहेत. महागूने ती माणसे शोधावीत आणि या वेळी खरे कारण सांगावे. त्याला मी माझी सारी हत्यारे देणार होतो. तो म्हणाला, मी साक्षीदार म्हणून सही करतो, हत्यारे नको.

७. ईरा. पवनने घर नाकारले तेव्हा एकच गोष्ट मागितली.

"ईराले वाचता येईल असा एक कागद द्या. तुमच्या हातचा."

ईरा मराठी बोलते, पण वाचते हिंदी. मी एक पान हिंदीत लिहिले. त्यात तडा लिहिला, तुकडा लिहिला, तिची आई काय म्हणाली आणि मी काय म्हणालो ते लिहिले. एक गोष्ट लिहिण्याचा धीर झाला नाही.

तीन ऑगस्टला, रविवारी, पवन आला. ओसरीवर त्याच्याजवळ बसून तिने ते पान मोठ्याने वाचले. मी दारात उभा होतो. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले नाही. बापाला विचारले,

"तो फिर आप इतने दिन आए क्यों नहीं?"

पवनने त्या पानाची घडी घातली. मग म्हणाला, "काम था, बेटा."

तिने ते खरे मानले. तिचा चेहरा मी पाहिला. त्या दिवसापासून ती दर रविवारी त्याच्याबरोबर जाते, पण त्याचा हात धरत नाही.

पवनने सांगितले ते खरे नाही. त्याने माझी लाज राखली, की पोरीवर आणखी ओझे नको म्हणून तसे बोलला, मला ठाऊक नाही. तो आला होता. पहिले सव्वा वर्ष दर रविवारी आला, खांदा बांधलेला होता तेव्हाही बसने आला. मी फाटकावर जाऊन त्याला सांगत असे की ईरा झोपली आहे, ईरा आजीबरोबर बाहेर गेली आहे. ती आत खेळत असे. एकदा तिने त्याचा आवाज ओळखला आणि पापा म्हणून ओरडली. मी आत जाऊन टीव्ही मोठा केला. त्यानंतर तो आला नाही.

त्याला बघितले की माझ्या तोंडून खरे निघेल याची मला भीती वाटत होती. दुसरे काही कारण नव्हते.

हे कलम मी गेल्यावर वाचण्यासाठी नाही. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की मी ते ईराला स्वतः वाचून दाखवणार आहे. ती शाळेतून चार वाजता येते.

वर लिहिले ते सर्व मी लिहिले, वाचले, आणि ते मला मान्य आहे. याआधीचा मसुदा रद्द.

प्रभाकर सीताराम गायधने (सही)

आम्हा दोघांसमोर प्रभाकर गायधने यांनी हा कागद पूर्ण वाचला आणि आमच्यासमोर सही केली. त्यांची बुद्धी शाबूत होती.

साक्षीदार १: महागू बावनथडे, सेवानिवृत्त फिटर (सही)
साक्षीदार २: दीपिका हेडाऊ, शिक्षिका, शेजारी (सही)

ठिकाण: बूढी, बालाघाट
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५, मंगळवार
वेळ: दुपारचे साडेतीन