यंत्र गच्चीवर नेणाऱ्याला घर नाही

मी, खाली सही करणारी, शहराच्या हवेचे नकाशे करण्यात उभी हयात काढलेली विधवा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या डोक्यावर शंका घेणारी माणसं घरातच आहेत.

१. राहतं घर माझ्यामागे एकट्या सुनेच्या नावे व्हावं. मुलाला का नाही, ते सांगते. तो आता कार्यालयात माझ्याच जागी बसतो. आमचा नकाशा प्रत्येक गल्लीची हवा रंगाने दाखवतो: घाण हवा लाल, चांगली हिरवी. पण हवा मोजणारी यंत्रं मोजक्याच ठिकाणी असतात, मधल्या गल्ल्यांची हवा गणिताने काढतात. यंत्राची जागा चुकली की गणित बरोबर येऊनही गल्ली खोटी ठरते.

आमची बसडेपोसमोरची गल्ली कायम लाल. ती एकाएकी हिरवी झाली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पुतण्या समोर इमारत बांधतोय आणि हिरव्या गल्लीतली घरं चढ्या भावाने जातात, म्हणून आधी त्याला धरलं.

"काकू, मला शिडीवर चढलं की गरगरतं," म्हणाला. त्याच्यावरचा संशय मी अजून मागे घेतलेला नाही. पण खांबावरचं यंत्र गच्चीवर नेलं होतं माझ्याच मुलाने.

"अगं आई, खाली सारखी काजळी बसते. रोज कोण पुसत बसणार?"

आळस म्हणून हेही पोटात घातलं असतं. पण स्वतःच हिरवी केलेली गल्ली पाहून त्याने चिमणीचा, म्हणजे माझ्या दमेकरी नातीचा, पलंग रस्त्याकडच्या खोलीत हलवला. मी ओरडले, तर म्हणतो, "नकाशावर विश्वास ठेवायला तूच शिकवलंस ना?"

२. बँकेतली ठेव चिमणीच्या औषधपाण्याला. सही सुनेचीच चालावी.

३. हवा मोजायचं, हातात धरायचं जुनं मापक सुनेला. मुलगा "दुरुस्त करून देतो" म्हणाला तरी देऊ नये.

४. मला संशयी म्हातारी म्हणणाऱ्या कार्यालयातल्या मोठ्या साहेबांना काही नाही. भेटायला आलेच, तर काय न्यायला आलेत ते पाहावं.

५. चिमणीचा पलंग मागच्या खोलीत न्यावा. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याची प्रत आजच मुलाच्या हातात देत आहे. मूळ कागद कुठे आहे ते सांगणार नाही. बाळा, नकाशा हिरवा असो की लाल, खिडकी उघडण्याआधी तिच्या छातीला कान लाव. तिची घरघर मला भिंतीपलीकडून ऐकू येते. तू तिच्या उशाशी बसतोस, आणि तुला येत नाही.

साक्षीदार, माझ्यादेखत सह्या केलेले: खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली, कोपऱ्यावरचे औषधवाले. दोघांचाही आमच्या कार्यालयाशी संबंध नाही, चौकशी केली आहे.

ठिकाण: घराची मागची खोली
तारीख: चार मार्च
सही: चिमणीची आजी