पाठवायचं राहिलेलं पत्र

४ मार्च
नोकरी लागली! मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, हाडांच्या आनुवंशिक आजारांचा विभाग. लहान मुलं तळमजल्यावर, मोठी माणसं वर, आणि मी मधल्या जिन्याशेजारच्या खोलीत. काम सोपं आहे. जुन्या एक्स-रे फिल्म पाकिटांतून काढायच्या, यंत्रावर ठेवायच्या, संगणकात नोंद करायची. खिडकीतून सकाळचं ऊन येतं. चहा दोनदा मिळतो आणि चक्क बरा असतो. काम करताना गाणं गुणगुणत होते. अकरा वर्षांनी. लक्षात आल्यावर माझी मीच दचकले.

८ मार्च
एका मुलीशी गट्टी जमली. सहा वर्षांची, व्हीलचेअरवर असते. सगळे तिला बडबडी म्हणतात. हाडं मजबूत करणारं औषध सलाइनमधून घ्यायला दर दोन महिन्यांनी येते. आजवर एकवीस वेळा हाड मोडलंय. मोडायचं खातं माझ्याकडे, जोडायचं डॉक्टरबाईंकडे, असं मला ऐटीत सांगितलं. तिला नुसती शिंक आली तरी बरगडी जाते म्हणे. तिची आई सांगत होती, आजार कळेपर्यंत सगळ्यांचा संशय आमच्यावरच होता, पोलीससुद्धा घरी येऊन गेले.
मी चहा अर्धा टाकून उठले.

११ मार्च
बडबडीने आज माझा चेहरा जवळ ओढला आणि जाहीर केलं, की माझ्याही डोळ्यांचा पांढरा भाग तिच्यासारखाच निळसर आहे. सगळे हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. घरात कुणाची हाडं वरचेवर मोडतात का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं.
खोटं बोलले. आईचं मनगट तीनदा मोडलंय. आणि माझं बाळ –
त्याचेही डोळे तसेच होते. बघायला येणारे म्हणायचे, किती सुंदर.

१२ मार्च
लिहूनच टाकते. बाळ दीड महिन्याचं असतानाच गेलं. बरगड्या मोडल्या होत्या, मांडीचं हाडही. आमच्याकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, कुणी मारलं? नवरा परगावी. घरात आई आणि मी. मी आईकडे बोट दाखवलं. तिने मान खाली घातली ती घातलीच. पोलिसांपुढेही चकार शब्द काढला नाही. पुरावा नव्हता म्हणून सुटली. तेव्हापासून मी तिचं तोंड पाहिलेलं नाही.

१५ मार्च
त्या वर्षाच्या पाकिटांपर्यंत पोचले. हात पुढे होत नाही.

१६ मार्च
पाकिटावर माझं नाव. पुढे ‘यांचं बाळ’.
कुणीतरी मत मागायला फिल्म इथे पाठवली होती. उजेडावर धरली. बडबडीच्या फिल्मसारखीच. हाडं अशी पुसट, की असून नसल्यासारखी.
सोबत इथल्या तेव्हाच्या डॉक्टरांचं पत्र. मारहाण नाही. जन्मजात ठिसूळ हाडं. बाळाच्या आईचीही तपासणी करावी. घरच्यांना तातडीने कळवावं.
गेलंच नाही ते. मूळ प्रत पाकिटात आहे, घडीसुद्धा न घातलेली. डॉक्टरबाईंना दाखवली. त्यांनी वरची तारीख पुन्हा वाचली.

१७ मार्च
सकाळीच आईकडे गेले. दार तिनेच उघडलं. फार वाकलीय. पत्र वाचून दाखवलं. पाय धरले. म्हटलं, तू काहीच केलं नव्हतंस गं.
ती म्हणाली, “मला माहीत आहे.”
मग गप्प का राहिलीस? सांगेना. दुपारपर्यंत सांगेना. मी उठेना.
शेवटी म्हणाली, “ओली बाळंतीण होतीस तू. तुला कळलं असतं तर जगली नसतीस. म्हटलं, माझ्यावर राग धरून तरी जगेल.”
काय कळलं असतं –

१८ मार्च
कामावर गेले नाही.
त्या दिवशी आई स्वयंपाकघरात होती. खोलीत मीच –
डॉक्टरबाईंचा फोन. दोष कुणाचाच नाही, म्हणाल्या. असेल.
रडत होता म्हणून उचललं. दोन्ही हातांनी, छातीशी. लाडानेच. बारीक आवाज झाला. मला वाटलं, पाळण्याचा. तो रडायचा एकदम थांबला. मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला आणखी घट्ट –