काडीला घाई नाही

प्रिय धाकटे,

आज अक्षर एवढं मोठं का काढलंय आणि हे जाडं पेन कुठून पैदा केलं, ते आत्ता विचारू नकोस. आधी मला भांडून घेऊ दे. तुझ्या त्या पोत्यांनी माझ्या डोक्याला जो ताप दिलाय, तो कागदावर उतरल्याशिवाय मला दुसरं काही सुचायचं नाही.

मी गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात काय गेले, तुम्ही दोघांनी माझ्या माघारी तबेल्यात राज्यच केलंत. दोघं म्हणजे तू आणि आपले मोतद्दार काका. काठी टेकत घरी आले ती आधी काडीला बघायला गेले. बघते तर शिंगरू कुठलं, पॉलिश मारलेलं कपाट उभं. अंग चकचकीत, पोट गच्च, मान ही एवढी. काका मिशीत हसत म्हणाले, बघा कशी भरलीय, आता काडी म्हणायची सोय राहिली नाही. मला खाली बसता येईना, म्हणून बादली पालथी घालून टेकले आणि तिच्या पायांवरून हात फिरवला. पुढच्या दोन्ही पायांना, घोट्याच्या जरा वर, नुकती इस्त्री फिरवलेल्या कापडासारखं गरम लागलं. बघायला गेलं तर तिथे काहीच दिसत नव्हतं. काय घालताय हिला, म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, धाकट्या बाईंनी पाठवलंय, खास लहान घोड्यांचा खुराक आहे, पोत्यावर शिंगराचं चित्रसुद्धा आहे. जसं काही चित्रच खायला घालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी घोड्यांचे डॉक्टर आले. या घरात सांध्यांचं दुखणं एकट्या माझं असावं, एवढी माझी माफक अपेक्षा होती, तीही गेली. डॉक्टरांनी सांगितलं की वाढत्या शिंगराच्या हाडांची टोकं अजून कोवळी असतात. धान्य आणि मळी पोटात गेली की रक्तातली साखर एकदम चढते, वजन भराभर वाढतं, आणि हाडाच्या टोकाशी जी मऊ कूर्चा हळूहळू पक्की व्हायला हवी ती मागे पडते. ती तशीच कच्ची राहिली तर जन्माचं लंगडेपण. वेळेवर सापडलं, म्हणाले, पण आता महिनाभर तरी दौड नाही आणि ती धान्याची चंदी तर अजिबात नाही. काका बिचारे खांबाला धरून, माझी नजर चुकवत उभे होते. त्यांना काय बोलणार? तुझ्या शब्दापुढे माझा शब्द त्यांनी कधी मानलाय?

मग मी खुराकाच्या कारखान्यात फोन लावला. पोत्यावर प्रथिनं किती, तेल किती, चोथा किती, सगळं छापलंय. फक्त साखर आणि स्टार्च किती, त्याचा पत्ता नाही. पलीकडचा माणूस अगदी लाडात बोलला, मॅडम, साखर आम्ही घालतच नाही, चवीपुरती थोडी मळी असते. बरं, आणि स्टार्च? तर म्हणे, स्टार्च म्हणजे काही साखर नव्हे. याने त्याच्याकडे दिलं, त्याने आणखी कुणाकडे. शेवटी एका मुलीने कुठूनसं शोधून सांगितलं की दोन्ही मिळून जवळजवळ निम्मं पोतं भरेल. डॉक्टर म्हणतात, या वयात पाव हिश्श्याच्याही आत हवं. डॉक्टर गेल्यावर तुला फोनवर विचारलं होतं तेव्हा तूही हेच ऐकवलं होतंस, ताई, साखर नाही हे मी स्वतः विचारून घेतलंय. अगं, तुला तरी हे माहीत असायला हवं होतं. आठवतात आपल्या बोर्डिंगमधल्या त्या चष्मेवाल्या सिस्टर? त्यांनी सगळ्या वर्गाला पावाचा कोरडा तुकडा दिला होता आणि गिळू नका, चावत राहा, म्हणून बजावलं होतं. पिठाची साखर तोंडातच व्हायला लागते, थोडा धीर धरा, गोड लागेल. सगळ्या जणी गाईसारख्या रवंथ करत बसल्या. तू मात्र तुकडा कधीच गिळून मोकळी झाली होतीस आणि हात वर करून सांगत होतीस की हो सिस्टर, गोड लागला. तुझा चेहरा इतका निरागस होता की त्यांनी तुलाच शाबासकी दिली. मी अजून त्याबद्दल रागावलेली आहे.

सगळ्याच गोष्टींत तुला घाई. विणकामाच्या तासाला स्वेटरची एकच बाही झाली होती तर तू तो तसाच घालून प्रार्थनेला आलीस. आणि आता हे काडीचं. गेलं वर्षभर तुझं एकच पालुपद, पांढरी व्हायला लागली का? उंची कुठवर आली? पळायला कधी लागणार? पन्नासदा सांगितलं की ती आपल्या करडीच्याच वंशातली आहे, काळी जन्मते आणि सावकाश पांढरी होते. आपण बोर्डिंगमध्ये गेलो तेव्हा करडी कोळशासारखी होती आणि शाळा सोडून घरी आलो तेव्हा फाटकातून दुधासारखी पांढरी घोडी आपल्याकडे बघत होती. तू तिला ओळखलंही नव्हतंस, बाबांना विचारलंस, आपली करडी कुठाय? मग तिच्या मानेत तोंड खुपसून रडली होतीस. त्या पांढऱ्या रंगाला वर्षं लागली, धाकटे. कुठल्याही पोत्यात तो मिळत नाही.

हे सगळं तुला फोनवरच सुनावायचं होतं. फोन तुझ्या लेकीने उचलला, तर मी तिच्यावरच सुरू झाले. तुझ्या आईला काय वाचता येत नाही का, म्हटलं, एवढी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई, पोत्यावरचं चित्र बघून खुराक घेते? ती नेहमीसारखी हसेल असं वाटलं होतं.  पण ती म्हणाली, हो मावशी, आता नाही येत. बारीक अक्षर तर नाहीच. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, आणि तेही हळूहळू जाणार आहे. काकांना तेवढं तिने सांगितलंय, पण मावशीला सांगायचं नाही अशी आईची शपथ आहे. फोन ठेवला आणि मग मला सगळा उलगडा झाला. तुला पांढरी काडी बघायची होती. तिला मोठं करायची घाई होती कारण तुझ्याकडे वेळ कमी होता. आणि हे तू काकांना सांगितलंस, मला नाही. म्हणून तर ते माझी नजर चुकवत होते. तुमच्या दोघांच्या या कारस्थानापुढे मी हात टेकले.

तर आता ऐक, कारण हे पत्र मी भांडायला लिहिलेलं नाही. काडी आता गवत खाते, भिजवलेला बीटाचा चोथा खाते, त्यावर थोडं तेल आणि खनिजांची पूड. पोट उतरलंय, पुन्हा काडी दिसायला लागलीय. तिला मोठं व्हायला लागायचा तो वेळ लागेल, आणि तोवर तुझ्या डोळ्यांचं जे व्हायचं ते होईल. त्यातलं काहीच मला लवकर किंवा उशिरा करता येत नाही. पण आत्ता ती काळी आहे, कपाळावर नखाएवढा ठिपका आहे. तू कडेने का होईना, तो बघून घे. आणि नंतरही इथेच राहा, कारण मला तुझी गरज आहे. रोज सकाळी तिचे सांधे चाचपावे लागतात, माझे गुडघे वाकत नाहीत आणि काकांच्या हातांना एवढे घट्टे पडलेत की त्यांना गरम-गार कळत नाही. सूज दिसायला लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो, ती आधी हातालाच कळते. तुझे हात अजून मऊ आहेत. पूर्वेकडची खोली झाडून ठेवलीय, दारापासून तबेल्यापर्यंत तुला धरायला काकांनी दोरी बांधलीय. हे पत्र लेकीकडून वाचून घेऊ नकोस, तुला एकटीला वाचता यावं म्हणून एवढं मोठं लिहिलंय. सावकाश वाच. आणि येताना एकही पोतं आणू नकोस.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई