राखी पोचल्याचं पत्र

पुणतांबा

प्रिय अजिनाथ,

तुझ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस गेल्या मंगळवारी मिळाली. कांद्याची पात कापायचं पायानं चालणारं यंत्र मी यापुढे बनवू नये, विकू नये, कारण त्याचं पेटंट कंपनीकडे आहे आणि संशोधक म्हणून नाव तुझं आहे. तुझं पूर्ण नाव, दादांच्या नावासकट. दादा आज असते तर त्यांना किती आनंद झाला असता, नाही का? त्यांच्याच शिलाई मशीनचं पायडल काढून मी पहिलं यंत्र केलं होतं.

तू तेव्हा बारावीत होतास. विळा धरून बायांची बोटं सुजायची, म्हणून मी कडबा कापायच्या कुट्टी मशीनच्या जुन्या सुऱ्या बसवल्या. आपल्याकडे सावडीनं कामं चालायची, आज आपल्या वावरात, उद्या झुंबरबाईच्या, तसं यंत्रही घरोघर फिरलं. कुणी विचारून नेलं, कुणी न विचारता. माझी ना नव्हती. पुढे कॉलेजच्या सुट्टीत तू टेप घेऊन त्याची मापं उतरवलीस, तेव्हा मीच तुला चहा करून दिला.

सहा वर्षांपूर्वी मी म्हटलं, याची नोंदणी करू या. तू राखी पोचल्याच्या पत्रात लिहिलंस, आक्का, नाद सोड, जे यंत्र सगळ्या गावानं उघड्यावर वापरलंय त्याचं पेटंट सरकार कुणालाच देत नाही. शिकलेला भाऊ कायदा सांगतोय म्हटल्यावर मी विषय सोडला. आता तेच यंत्र निळा रंग लावून अनुदानाच्या यादीत आलंय. माझ्या शेडमध्ये कामाला येणाऱ्या चार बायांनी कुठे जायचं, ते नोटिशीत लिहिलेलं नाही.

झुंबरबाई म्हणाली, भाऊ हाय तो, मिटवून घे, कागदाच्या नादी लागू नगं. मी तेच करत होते. तीन दिवस तुला फोन लावले, तू उचलला नाहीस. राग त्याचाच जास्त आला.

म्हणून काल राहात्याच्या वकिलांमार्फत पेटंट कार्यालयात हरकत पाठवली. पेटंट मिळून वर्ष व्हायचंय, तोवर ती घेता येते. वकिलांनी पुरावा मागितला, झेरॉक्स नको, अस्सल. तुझी राखी पोचल्याची सगळी पत्रं मी आईच्या डब्यात ठेवली आहेत, त्यातलं सहा वर्षांपूर्वीचं ते एक काढून दिलं. तुझं अक्षर, तुझी सही, 'कुणालाच देत नाही'. तुला कळवतील ते, पण आधी परक्याकडून कळू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं. राखी याच पाकिटात आहे. पोचल्याचं पत्र लिहू नकोस.

तुझीच,
आक्का