धुक्यातली गोळी

शनिवार, १४ जून, ग्लेन वेव्हर्ली

धुकं उतरलं की बंदूक रिकामी करायची, हा नियम मला माझ्या मित्राने, निखिलनेच शिकवला. आज डोंगरात दहा पावलांवरचं झाड दिसेना, म्हणून मी गोळ्या काढून एका झाडाखाली बसलो. आणि धाडकन आवाज! डोक्यावरची डहाळी तुटून मांडीवर पडली.

निखिल धावत आला. "सांबर वाटलं रे. तुझ्या दिशेने नव्हती मारली."

मी कुठे आहे, हे त्याला दिसत होतं? मग गोळी माझ्या डोक्यावरून कशी गेली?

गाडीत म्हणाला, "घरी बोलू नकोस हं. आपण ट्रेकला गेलोय."

शिकारीचं घरी लपवायचं, हेही त्यानेच शिकवलं. तेव्हा मीही हसलो होतो.

आत्ता बायको म्हणाली, "निखिल सोबत असला की मला काळजी नसते."

मी मान डोलावली. खिशात ठेवलेली ती डहाळी टोचत होती.