आपली मेंढरं, आपली वाट

आबा, काल मांजरसुंब्याच्या फाट्यावर आपल्या मेंढरांच्या वाड्याचा म्होरक्या भेटला. एसटीतून उतरून चहा प्यायला ढाब्यावर गेले, तर बाकड्यावर घोंगडी अंथरून बसलेला. फार थकलाय. माझ्या नाकावरून त्याने मला ओळखलं. म्हणाला, "तू त्याची लेक न्हवं? इलायतेत म्हातारी मानसं सांभाळतीस म्हनं." मी म्हटलं, हो, महिन्याच्या रजेवर आलेय. मग त्याने तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. तीच माझ्या घशाखाली उतरेना म्हणून हे लिहायला बसले. ती सांगते, पण आधी माझ्या पोटात इतकी वर्षं साठलेलं ओकून टाकू द्या.

मी जिथे काम करते त्या देशाने शेजारच्या देशांच्या संघातून अंग काढून घेतलं. तुमच्या हयातीत हे घडलं नव्हतं. बाजार एक, नियम एक, कुणीही कुठेही कामाला जावं, असं त्यांचं चालत होतं. मग लोकांनी मतं टाकून ठरवलं, आमचं आम्ही बघू. आमच्या वृद्धाश्रमात रुमानियाच्या मुली होत्या. त्यांतल्या बऱ्याच निघून गेल्या, नव्या येईनात, मग आमच्यासारख्यांना विमानात बसवून आणलं. तिथे एक म्हातारा माझ्याकडे आहे. त्याला उचलायला दोघी लागतात. पुष्कळदा मी एकटीच असते, म्हणून दुसरी मोकळी होईपर्यंत तो ओल्या चादरीवर पडून राहतो. पडल्या पडल्या विचारतो, "ती रुमानियाची पोरगी कुठे गेली? तिचा हात हलका होता." तुम्हीच घालवलीत बाबा, असं अगदी ओठांवर येतं. त्याचा मुलगा हिवाळाभर स्पेनला राहायचा, त्याला आता दिवस मोजून परतावं लागतं. म्हाताऱ्याची नेहमीची गोळी मध्येच मिळेनाशी होते. आणि तरी तो म्हणतो, पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच मत देईन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्याच्या घाणीची मला कधी किळस आली नाही, आबा, पण ह्या वाक्याची येते. कारण तोच ताठा मी लहानपणी तुमच्या तोंडून ऐकलाय.

आपला वाडा सहा बिऱ्हाडांचा. सगळ्यांची मेंढरं, घोडी, कुत्री एकत्र चालायची, आणि उद्याचा मुक्काम कुठे ते रोज दिवस मावळताना सगळे बसून ठरवायचे. मी दहाची होते त्या वर्षी मुक्कामावरून तुमचं म्हणणं कुणी ऐकलं नाही. तुम्ही उठलात, पटका झटकलात आणि म्हणालात, "माजी मेंढरं, माजी वाट." सकाळी आपलं एकच बिऱ्हाड वेगळ्या रस्त्याला लागलं. वाड्यात रोज एका बाईची मागे राहायची पाळी असायची. व्यालेल्या मेंढ्या, कोकरं, लंगडी जनावरं तिच्याकडे; बाकीच्या बायका घोडी घेऊन पुढे जाऊन पालं ठोकायच्या. आता मागची बाई आईच आणि पुढचीही आईच. काखेत कोकरू, डोक्यावर पाटी, हातात घोड्याचा लगाम. खतासाठी रानात मेंढरं बसवायला शेतकरी मोठा कळप बघतात. आपल्या मूठभर मेंढरांना कुणी बोलवेना. आणि तुम्ही दगडावर बसून तंबाखू मळत म्हणायचात, "आता कसं मोकळं वाटतंय." आई तीन दगडांची चूल फुंकत असायची. मला तुमची किळस यायची, आबा. लेकीने बापाबद्दल असं लिहू नये, पण यायची.

मग एका सकाळी तुम्ही मला बाजूला घेतलंत. ओढ्यापलीकडे वाडा उतरलाय, हे तुम्हाला कळलं होतं. खाली बघत म्हणालात, "म्होरक्याला म्हन, आबा इचारतोय, येऊ का माघारी." स्वतः जायला पाय रेटेना, म्हणून दहा वर्षांच्या पोरीला धाडलंत. मी आले आणि सांगितलं, "न्हाई म्हनले." तुम्ही पटका पुन्हा आवळून बांधलात. आईने पाटी उचलून डोक्यावर घेतली.

त्यानंतर पंधरा दिवसांत आईचं घोडं बिथरलं आणि ती भांड्याकुंड्यांसकट खाली आली. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. आपण मेंढरं घेऊन पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि ती रस्त्याच्या कडेला कोकरू पोटाशी धरून तशीच पडलेली. हाड वाकडं बसलं. ती अजून लंगडते. "ताठ्यापायी बायकू लंगडी केली," असं सगळं गणगोत तुमच्या तोंडावर म्हणायचं, तुम्ही मान खाली घालून ऐकायचात. तुमच्या दहाव्याला मीही तेच म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काल म्होरक्या म्हणाला, "तुज्या बापाची लई वाट पाह्यली बग. तुमी वड्याअल्याड हाईसा कळलं व्हतं, म्हनून दोन दिस वड्याकाठचा तळ हालवला न्हाई. तुज्या आईच्या पालाला माज्या बायकुनं जागा बी झाडून ठिवली व्हती. पर त्यो आलाच न्हाई. कावून आला न्हाई, कुनास ठावं."

चहा तसाच ठेवून मी उठले.

आबा, मी ओढा ओलांडलाच नव्हता. अलीकडच्या बाभळीखाली बसले. पलीकडे पालांतून धूर निघत होता, म्होरक्याची पोर माझ्याच वयाची, नवा परकर नेसून कोकरामागे पळत होती. तिच्यासमोर जाऊन माघारी घ्या म्हणायचं, ह्याची मला लाज वाटली. "आपुन कुनाच्या दारात जात न्हाई," हे तुम्हीच शिकवलं होतं. बाभळीच्या शेंगा मोडत तिथेच बसून राहिले आणि जाऊन येण्याइतका वेळ गेल्यावर परत आले. न्हाई म्हणणारी मीच होते. त्या म्हाताऱ्यावर मी तिकडे रोज दात खाते, आणि त्याचा पीळ माझ्याच अंगात आहे.

आत्ता आई अंगणातून लंगडत आली आणि शेजारी टेकली. पाय चोळत म्हणाली, "सकाळधरनं काय लिव्हतीस गं येवढं?"

मी कागद दुमडला आणि म्हणाले, "रजा वाढवायचा अर्ज."